चार नंबरच्या बोअरची वही

१

मंगळवारी सकाळी सव्वानऊला साठवण केंद्राच्या फोरमनला चार नंबरच्या बोअरचं झाकण उघडं दिसलं. त्याने आत डोकावलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. शिडीच्या मधल्या पायरीवर केंद्राचा मोजणीदार लोंबकळत होता. कमरेच्या पट्ट्याचा आकडा पायरीत अडकला म्हणून तो खाली कोसळला नव्हता, एवढंच. मान छातीवर पडलेली, ओठ काळेनिळे.

फोरमनचा जन्म वायूच्या कामात गेलेला. अशा ठिकाणी जो मागचापुढचा विचार न करता आत उडी मारतो तोही तिथेच राहतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने दोर मागवला, आकड्याने मोजणीदाराचा पट्टा पकडला आणि चौघांनी मिळून त्याला वर ओढलं. नाडी लागत होती. नावापुरती, पण लागत होती.

आता हे केंद्र काय भानगड आहे, ते आधी सांगून टाकतो. शेजारी सिमेंटचा मोठा कारखाना आहे. त्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वर जाऊन उन्हाळे आणखी तापवू नये म्हणून इथे तो वेगळा काढतात, प्रचंड दाबाखाली आणतात आणि जमिनीत दीड किलोमीटर खोल, भुसभुशीत खडकात सोडतात. त्या खडकावर दुसऱ्या घट्ट खडकाचं जाड झाकण आहे. वायू तिथेच बसलाय की वर यायला लागलाय, हे कळावं म्हणून चार बाजूंना चार बोअर मारलेत. प्रत्येक बोअरच्या तोंडाशी दोन पुरुष खोल चेंबर. मोजणीदाराने रोज सकाळी चारही चेंबरमध्ये उतरायचं, हातातल्या यंत्रावर शंभर भाग हवेत किती भाग वायू आहे तो आकडा बघायचा, वहीत लिहायचा आणि पुढे सही करायची. आकडा शून्य असला की उताराखालच्या वस्तीतली एकशे बारा घरं निर्धास्त.

त्या एकशे बारांपैकी एक घर मोजणीदाराचं होतं आणि एक त्याच्या मेहुणीचं.

मेहुणीला सगळे सोडा मावशी म्हणायचे. एकतीस वर्षं सोडावॉटरच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढलेली बाई. हाच वायू तिने जन्मभर बाटल्यांत कोंबला होता, त्याच्याशी तिची घरच्यासारखी ओळख. केंद्राच्या सुरक्षा समितीवर रहिवाशांचा एक माणूस हवा असा नियम निघाला तेव्हा केंद्रवाल्यांनी तिला निवडलं. म्हातारी बाई चहा पिईल, मान हलवेल आणि घरी जाईल, असा त्यांचा अंदाज. तो किती चुकला हे त्यांना पहिल्याच बैठकीत कळलं.

ती इस्पितळात पोचली तेव्हा तिची ताई बाकावर ताठ बसली होती. मांडीवर नवऱ्याची कापडी पिशवी, दोन्ही हातांनी गच्च धरलेली.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"उद्यापर्यंत काहीच सांगता येत नाही म्हणाले." ताई म्हणाली. "सकाळी चांगले हसत गेले गं. म्हणजे हसत नाही, गप्पच होते. दारातून परत फिरले, चष्मा घेतला. एरवी तो घरीच असतो. आणि म्हणाले, आज गिझर पेटवू नकोस, मी आल्यावर बघतो."

"गिझरला काय झालं?"

"तळघरातला तो गिझर. खालची बारकी ज्योत सारखी विझते. पंधरा दिवस झाले. मी आपली वाकून वाकून पेटवते, डोकं गरगरतं नुसतं." ताईने डोळे पुसले. "मेलं ते गिझरचं काय घेऊन बसलीस आत्ता!"

मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "पिशवी दे इकडे, मी धरते."

"राहू दे," ताई पटकन म्हणाली आणि पिशवी आणखी छातीशी ओढली.

तेवढ्यात फोन वाजला. केंद्राच्या फाटकावरचा पहारेकरी होता. मोजणीदाराला तिथे सगळे भाऊच म्हणत. "मावशी, लवकर या. भाऊंची वही गायब झालीय आणि साहेबांनी मास्तरांना धरून ठेवलंय. त्यांनीच भाऊंना मारायचा डाव केला म्हणतायत."

२

केंद्रप्रमुखाच्या खोलीत भिंतभर पांढरा फळा होता. मोजणीदार रोज फोनवरून आकडे कळवायचा, ते इथे लिहिले जायचे. चार बोअर, महिन्याचे दिवस आणि सगळीकडे शून्य.

प्रमुख पन्नाशीचा, हाडकुळा, नखं खाणारा माणूस. त्याने मावशीला बसायलाही सांगितलं नाही.

"हे बघा, काल सकाळी चार नंबरला शून्य. आज त्यांना बाहेर काढल्यावर आम्ही पंखे लावून चेंबर धुऊन काढला. आता पुन्हा शून्य. आत भोंगा बसवलाय, वायू साठला की बोंबलतो. फोरमनने कालच तपासला, आज तो वाजलाच नाही. तीन-तीन साक्षी आहेत. खालून वायू येत असता तर एकाने तरी सांगितलं असतं ना?"

"मग भाऊजींना झालं काय?"

"कुणीतरी मुद्दाम वायू ओतला. कुंपणाजवळ आग विझवायचं नळकांडं सापडलंय, रिकामं. त्यातही हाच वायू असतो. आणि तिथेच सकाळी मास्तर घुटमळत होते. उद्या तपासणी पथक येतंय, त्याच्या आदल्या दिवशी आम्हाला बदनाम करायचं, वही लंपास करायची. पाच वाजता पोलीस येतायत."

मास्तर चोर की साव, हा पुढचा प्रश्न. मास्तर चोर नसेल तर वायू आला कुठून, हा आधीचा.

"साहेब, खालच्या वस्तीतली तळघरं मोजून घ्या. आजच."

"कशाने मोजू? हातातलं यंत्र मोजणीदाराबरोबर आपटून फुटलं. चेंबर तपासला ते इथल्या वायूच्या टाकीवर पक्कं बसवलेलं यंत्र, लांब नळी लावून; ते हलवता येत नाही. दुसरं पथकाबरोबर उद्या येईल."

"मग मोठा भोंगा वाजवून लोकांना वर तरी घ्या."

प्रमुखाचा हात खिशातल्या किल्लीवर गेला. मोठ्या भोंग्याची किल्ली त्या एकट्याकडे असायची. "गेल्या वर्षी वाजवला होता मी. उगाचच. वस्तीतून वर येणाऱ्या पुलावर रेटारेटी झाली आणि एक आजोबा चेंगरून गेले. आठवतंय ना? त्या दिवशी मी कानाला खडा लावला. मोजणीदाराच्या सहीचा आकडा समोर असल्याशिवाय भोंगा वाजणार नाही."

मावशी खिडकीपाशी गेली. गेले पंधरा दिवस वाऱ्याने नुसता धिंगाणा घातला होता, दोऱ्यांवर कपडे टिकत नव्हते. आज सकाळपासून झाडाचं पान हलत नव्हतं.

३

मास्तर पहारेकऱ्याच्या खोलीत स्टुलावर बसले होते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. केंद्राला पहिल्या दिवसापासून विरोध. धूर घालवायचा असेल तर कमी जाळा, जमिनीखाली लपवून काय होणार, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

"बाई, मी खवचट आहे, भांडखोर आहे, सगळं मान्य," ते म्हणाले. "पण तुमच्या भाऊजींबरोबर मी दर रविवारी पत्ते खेळतो हो! त्यांना मी कशाला मारू?"

"मग कुंपणाशी काय करत होतात?"

"गवत बघत होतो. रोज बघतो. चार नंबरच्या बोअरपासून एक पट्टा पिवळा पडत चाललाय. दोन हात रुंद आणि अगदी सरळ, कुणी पट्टी धरून आखावा तसा. बाजूला हिरवंगार आणि मध्ये वाळलेलं."

"सरळ म्हणजे कुठल्या दिशेला?"

मास्तरांनी बोट केलं. उताराच्या दिशेला, खालच्या वस्तीकडे. "तिथून जुनं गटार जायचं. केंद्र झालं तेव्हा बुजवलं म्हणे. वरून माती टाकली की बुजवलं म्हणतात हे लोक."

"कधीपासून पिवळा पडतोय?"

"मी पाहतोय त्याला तीन आठवडे झाले. प्रमुखांना चिठ्ठी दिली. त्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं. शून्य म्हणजे शून्य." मास्तरांनी मान खाली घातली. "मला तरी कुठे खात्री होती? तुमचे भाऊजी रोज आत उतरून बघतात. ते शून्य म्हणतात, मग मी कोण?"

"आणि ते नळकांडं?"

"त्याला मी हातसुद्धा लावला नाही. मी आलो तेव्हा ते तिथेच पडलं होतं."

मावशीने पहारेकऱ्याला विचारलं, "ती नळकांडी कुठे ठेवलेली असतात?"

"फोरमनच्या खोलीत," पहारेकरी म्हणाला. "कुलपात."

४

फोरमन चार नंबरपाशी उकिडवा बसला होता. मावशीला बघून उठला.

"मावशी, भोंगा चालू आहे. माझ्या हाताने काल तपासलाय. ऐका." त्याने चेंबरच्या तोंडाशी हात घालून बटण दाबलं. कानठळ्या बसवणारा आवाज झाला.

मावशीने वाकून पाहिलं. भोंग्याची डबी झाकणाच्या खाली वीतभर अंतरावर, अगदी वर बसवली होती.

"इथे कुणी बसवली ही?"

"मीच बसवली. अठरा वर्षं नैसर्गिक वायूच्या कारखान्यात काढली मी. डबी नेहमी छताशी. वायू वर चढतो ना."

"तो वायू वर चढतो. हा तळाशी बसतो रे बाबा." मावशीने डबीवर बोट ठेवलं. "सोड्याच्या कारखान्यात आमची डबी गुडघ्याखाली असायची. हा चेंबर गळ्यापर्यंत भरला तरी तुझा भोंगा शांत झोपलेला असणार."

फोरमन डबीकडे बघतच राहिला. एक साक्ष तर गळाली.

"आता नळकांड्याचं सांग. कुलूप तुझं आहे."

तो भडभडा बोलला. "नियमात बसत नाही, मावशी. पण मी ते गांधीलमाश्यांवर मारलं. काल दुपारी भाऊ माझ्याकडे आले. म्हणाले, चारच्या झाकणाला आतून पोळं आहे, मला उद्या उतरायचंय, तेवढं काढून दे. संध्याकाळी मी झाकण उचललं, अख्खं नळकांडं फवारलं आणि पोळं खाली पाडलं. पण माझ्या त्या फवाऱ्याने भाऊ... मावशी, माझ्यामुळे झालं का हे?"

बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीने नळकांडं उचलून त्यावरचं वजन वाचलं. दोन किलो. तिने चेंबरची लांबीरुंदी नजरेने मापली.

"नाही. एवढ्याशा नळकांड्यातला वायू या चेंबरमध्ये गुडघ्याच्या वर येत नाही. बाटल्या भरून भरून माझं डोकं पांढरं झालंय, हे गणित मला झोपेत विचार. भाऊजी मधल्या पायरीवर बेशुद्ध पडले. म्हणजे त्यांच्या तोंडापर्यंत वायू होता. तो तुझा नव्हे."

फोरमनने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मावशीने बाजूला पडलेलं पोळं चपलेने उलटं केलं. जेवायच्या ताटाएवढं होतं.

"एवढं पोळं व्हायला किती दिवस लागतात?"

"महिना-दीड महिना तरी. का?"

"आणि भाऊजी हे झाकण रोज उघडत होते ना?"

फोरमनने एकदा पोळ्याकडे पाहिलं, एकदा झाकणाकडे. रोज उचलल्या जाणाऱ्या झाकणाला आतून असं पोळं धरणं शक्यच नव्हतं.

"त्यांचा गुडघा," तो पुटपुटला. "वर्षभर लंगडतायत. मी विचारलं होतं, शिडी जमते का? म्हणाले, जमतंय."

५

मावशी उतारावरून वस्तीकडे निघाली ती जवळजवळ पळतच. पासष्टाव्या वर्षी पळणं शोभत नाही, पण तिला आता कशाचंच भान नव्हतं.

भाऊजी झाकण उघडतच नव्हते. चष्म्याशिवाय त्यांना पेपरातला मथळासुद्धा लागत नाही आणि चष्मा तर घरी असायचा. म्हणजे वही घरी लिहिली जात होती. जेवणाच्या टेबलावर बसून, यंत्र न बघता. फळ्यावरचं शून्य हा आकडाच नव्हता. दुसरी साक्षही गेली. तिसरी, पंखे लावून चेंबर रिकामा केल्यावरची, ती मुळातच साक्ष नव्हती.

मग आज ते चष्मा घेऊन का उतरले?

ताईच्या तळघराच्या दारापाशी ती थांबली. गिझरची ज्योत फरशीपासून वीतभर उंचीवर. पंधरा दिवस विझत होती.

तिने मेणबत्ती पेटवली, पत्र्याच्या डबीत उभी केली, डबीला दोरा बांधला आणि वरूनच जिन्यावर खाली सोडली. पहिल्या पायरीवर ज्योत सरळ उभी. दुसऱ्या पायरीवर सरळ. सहाव्या पायरीवर ती वाकडी झाली, लहान झाली. सातव्या पायरीवर कुणी चिमटीत धरून विझवावी तशी गेली. धुराची बारीक रेघ वर न चढता आडवी पसरली.

तळाला अजून पाच पायऱ्या होत्या. मावशी वाकली तसा नाकात ओळखीचा झिणझिण्यांचा चटका बसला. नुकत्या फोडलेल्या सोड्याच्या बाटलीवर नाक धरलं की बसतो, अगदी तोच.

तिने दार धाडकन लावलं. वस्तीत बहुतेक घरांना तळघर होतं. पाच-साडेपाचला माणसं कामावरून येणार, कपडे धुवायला, गिझर पेटवायला खाली उतरणार. आणि आज वारा नव्हता. पंधरा दिवस जे उडून जात होतं ते आज खाली साचत होतं. घड्याळात सव्वातीन झाले होते.

६

"मेणबत्ती!" प्रमुख म्हणाला. तो हटेना. "मेणबत्तीवर मी एकशे बारा घरं पळवू? गटारातल्या घाणीनेसुद्धा विझते ज्योत. मावशी, मी त्या आजोबांच्या बायकोला तोंड दाखवलंय. पुन्हा नाही जमणार मला."

"आणि आज कुणी मेलं तर?"

"मला आकडा आणून द्या. सहीचा. एक आकडा द्या, मी या क्षणी वाजवतो. ती वही मिळाली असती तर..." त्याने खिशातून किल्ली काढली आणि परत आत टाकली. मावशीला त्याचा राग आला आणि कीवही आली.

ती तडक फाटकावर गेली. पहारेकरी उभा राहिला. याचा एक गुण सगळ्यांच्या थट्टेचा विषय होता. फाटकातून टाचणी बाहेर गेली तरी तो नोंद करायचा.

"सकाळी भाऊजींबरोबर काय काय बाहेर गेलं?"

"सांगतो ना." त्याने नोंदवही उघडली आणि बोट फिरवत वाचलं. "पिशवी एक. त्यात डबा एक, पाण्याची बाटली एक, चष्मा एक, पेन एक, वही एक. इस्पितळात त्यांच्या मिसेसच्या ताब्यात दिलं. ही बघा सही."

"वही एक?"

"वही एक. निळ्या पुठ्ठ्याची. भाऊंच्या हातातच होती, बोटं सोडवून घ्यावी लागली."

"अरे, मग साहेबांना सांगितलं का नाहीस? ते सकाळपासून वही शोधतायत!"

"मला कुणी विचारलंच नाही," पहारेकरी म्हणाला. "ते थेट मास्तरांना धरायला गेले."

मावशीने नोंदवहीतल्या सहीकडे पाहिलं. ताईचीच सही. तिला सकाळची ती मांडीवरची पिशवी आठवली.

७

पावणेचारला ती इस्पितळात पोचली. ताई तिथेच होती, तशीच.

"ताई, वही दे."

"कसली वही?"

"ताई, माझ्याकडे बघ."

ताईने बघितलं नाही. "ते बरे होऊ देत. मग काय ते होऊ दे. आत्ता नाही. सहा वर्षं त्यांच्या सहीवर अख्खी वस्ती झोपली गं. लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. आत नळ्या लावून पडलेत ते. अशा माणसाला मी चोर ठरवू देऊ?"

"तू वही उघडलीस?"

"उघडली." ताई हुंदके द्यायला लागली. "शनिवारपर्यंतचे आकडे आधीच भरलेत. आज मंगळवार, आणि शनिवारपर्यंत सह्यासुद्धा! रविवारी संध्याकाळी टेबलावर बसून लिहीत होते, मीच चहा दिला. मला वाटलं, सकाळच्या नोंदी उतरून काढतायत. गुडघ्याने बेजार झाले होते, पण सांगायचे नाहीत. काम सोडायला लावतील ही भीती."

मावशी तिच्यापुढे जमिनीवर बसली. तिला स्वतःच्या भाऊजींचा संताप आला होता आणि तरी त्यांच्यासाठी जीव तुटत होता. दोन्ही एकदम.

"तू त्यांना गिझरचं कधी सांगितलंस?"

"काल दुपारी. जेवताना."

"मग?"

"ताटावरून उठले. म्हणाले, पंधरा दिवस? आधी का नाही सांगितलंस? आणि तसेच बाहेर पडले."

"ताई, त्यांना तेव्हाच कळलं. म्हणून दुपारी ते बोअरवर गेले, पोळं बघितलं, फोरमनला सांगितलं. म्हणून आज चष्मा घेऊन, तो गुडघा घेऊन शिडी उतरले. तू तळघरात जाऊ नयेस म्हणून तुला गिझर पेटवू नकोस म्हणाले. आज ते खरं मोजायला गेले होते. मी तुझ्या जिन्यावरून मेणबत्ती सोडून बघितली. सातव्या पायरीला विझली. तुझी शेजारीण, तिची सून, समोरचे ते दोघं म्हातारे, सगळे तास-दीड तासात खाली उतरतील. त्यांना कुणी गिझर पेटवू नकोस म्हणून सांगितलेलं नाही."

ताईने पिशवीत हात घातला आणि निळी वही बाहेर काढली.

मावशीने चालू आठवड्याचं पान उघडलं. स्वच्छ, कोरड्या, टेबलावरच्या अक्षरात शून्य, शून्य, शून्य. ओळीने शनिवारपर्यंत. ताईने एवढंच बघितलं होतं आणि वही मिटली होती. पण मंगळवारच्या ओळीत चार नंबरच्या रकान्यावर मातीचा अंगठा उमटला होता. अंगठ्याखालचं शून्य दोन रेघांनी खोडलेलं. वर वाकड्यातिकड्या, घसरत जाणाऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: ९.२. पुढे सही. आणि सहीपुढे एकच शब्द: खरा.

ताईने त्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. मग पदर खोचून उठली.

"चल," ती म्हणाली. "मीच देते साहेबांच्या हातात. खोट्या आकड्यांसकट."

८

चार वाजून वीस मिनिटांनी भोंगा वाजला. प्रमुखाने वहीतला आकडा वाचला, अंगठ्याचा ठसा बघितला आणि किल्ली फिरवली. पुलावर या वेळी रेटारेटी झाली नाही. एका बाजूला मास्तर उभे राहिले, दुसऱ्या बाजूला फोरमन, आणि मावशीने एकेक गल्ली ओळीने वर आणली. मास्तरांचा आवाज वर्गातल्यासारखा घुमत होता आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी, म्हणजे अर्ध्या वस्तीने, तो निमूट ऐकला.

दुसऱ्या दिवशी पथक यंत्रं घेऊन आलं. चार नंबरच्या बोअरच्या पाइपभोवतीचं सिमेंट चिरलं होतं. तिथून वायू वर येऊन बुजवलेल्या गटाराच्या पोकळीतून वस्तीत पोचत होता. एकोणीस तळघरांत फरशीपाशी माणूस आडवा होईल इतका सापडला. बोअर बंद केला, खाली वायू सोडायचंही थांबवलं. पुन्हा सुरू करायचं की नाही यावर प्रमुख आणि मास्तर अजून भांडतायत. मावशीला विचारलं तर ती म्हणते, वायूचं काही नाही, तो सांगितल्या जागी बसतो. त्याच्यावर नजर ठेवणारा माणूस बसत नाही ना, एवढं बघा.

बुधवारी दुपारी मोजणीदाराने डोळे उघडले. ताई उशाशी होती, मावशी पायाशी. त्याने बऱ्याच वेळाने ओठ हलवले.

"किती?"

मोजणीदारच तो. त्याला दुसरं काय विचारायचं होतं? पण किती माणसं गेली, असा तो प्रश्न आहे हे दोघींना लगेच कळलं.

"शून्य," मावशी म्हणाली.

त्याने मान फिरवली. डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर ओघळलं. आपणच इतके दिवस लिहिलेला आकडा कुणी आपल्याला सांगावा आणि त्यावर विश्वास बसू नये, असं झालं होतं त्याचं.

मावशीने पिशवीतून कागद काढले. वस्तीतल्या एकशे बारा घरांची यादी होती ती. सकाळपासून ती आणि ताई वरच्या शाळेत, नातेवाइकांकडे, जिथे जिथे लोक राहिले होते तिथे जाऊन प्रत्येक माणूस डोळ्यांनी पाहून आल्या होत्या. प्रत्येक घरापुढे माणसं किती, आणि पुढे त्या घरातल्या कुणाची तरी सही.

"ताई, चष्मा दे त्यांना."

ताईने चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला. त्याने कागद छातीवर धरले आणि पहिल्या घरापासून वाचायला सुरुवात केली. एकही ओळ सोडली नाही. वाचता वाचता हात कापायला लागले तेव्हा ताईने खालून कागद धरले, आणि एकशे बारावी सही येईपर्यंत ते धरूनच ठेवले.